दुखण्याचा रकाना

हे घडलेलं आहे. माझ्या बाबतीत घडलेलं आहे. ऐकीव नाही, मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती. वीज गेली नव्हती, कुत्री रडत नव्हती. मंगळवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता, आणि खोलीत लख्ख उजेड होता.

मी नर्स आहे. एकवीस वर्षं झाली. त्यातली नऊ एंडोस्कोपी विभागात. आमचे हे म्हणतात, "तुझ्यासमोर भूत आलं तर तू आधी त्याचं बीपी घेशील." खरं आहे. घाबरणं माझ्या स्वभावात नाही.

नव्हतं.

आधी आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मंगळवारी आमच्याकडे एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड असतं. तोंडातून पोटात उतरवायची लांब नळी, आणि तिच्या टोकाला इवलीशी सोनोग्राफी. स्वादुपिंड जठराच्या अगदी पाठीमागे असतं, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यासारखं. बाहेरून गाठायला अवघड, आतून मात्र अगदी जवळ. आमच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्या नळीतून सुई पलीकडे पाठवतात. कधी गाठीचा तुकडा तपासायला काढतात, कधी तिथल्या तिथे उपचार करतात.

त्यातला एक उपचार दुखण्यावरचा आहे.

स्वादुपिंडाचा कर्करोग फार दुखतो. पोटात सुरू होतं आणि पाठीत आरपार जातं. माणसाला उताणं झोपता येत नाही. पुढे वाकून बसलं तर जरा बरं वाटतं. ज्या नसा हे दुखणं वर पोहोचवतात त्यांचा जुडगा सोनोग्राफीत शोधायचा, आणि सुईनं तिथे आधी भुलीचं औषध, मग अल्कोहोल सोडायचं. नसा मरतात. दुखणं निदान निम्मं होतं. आजार तिथेच राहतो, पण माणूस झोपतो, दोन घास खातो, घरच्यांशी बोलतो.

अशी इंजेक्शनं मंगळवारी दोनच होतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेळ तेवढाच असतो. तीन पेशंट आले, तर ज्याला जास्त दुखतंय तो आधी.

कुणाला किती दुखतंय हे मॅडमना कसं कळतं?

माझ्या फॉर्मवरून.

फॉर्मवर एक रकाना असतो. वेदना, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. पेशंटला विचारायचं, तो सांगेल तो आकडा लिहायचा. काम एवढंच.

आता पुढचं वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले.

मी विचारत नव्हते.

सहाच्या वर आकडा लिहिला की डॉक्टरांना फोन, दुसरा फॉर्म, अर्ध्या तासानं पुन्हा विचारणं, पुन्हा सही. सकाळी बावीस पेशंट. बावीस सुया, बावीस बीपी. मग मी आणि आणखी दोघींनी एक सोय काढली होती. सगळ्यांना चार. सब घोडे बारा टक्के. चार लिहिलं की कुणी काही विचारत नाही. चहाच्या आधी सगळे फॉर्म एका दमात भरून व्हायचे.

जो विव्हळायचा त्याला विचारायची. जो ओरडायचा त्याला तर विचारावंही लागायचं नाही, सरळ आठ.

म्हणजे जो गप्प बसेल, तो चार.

ड्रायव्हरकाका गप्प बसले.

एकतीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस. स्वादुपिंडाची गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. अंगावरचा शर्ट दोन माप मोठा झाला होता. बरोबर मुलगी होती, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. तिला बाहेर बसवलं आणि मी काकांच्या हाताला सुई लावायला घेतली. पहिल्या फटक्यात नस मिळाली.

"वा!" काका म्हणाले. "पहिल्याच फेरीत स्टॉप सापडला. आमच्या नव्या पोरांना महिनाभर सापडत नाही."

मी हसले. सुईवर पट्टी लावली. फॉर्म ओढला. वजन, बीपी, रात्रीपासून उपाशी, होय. वेदना...

चार.

मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मग त्यांना खुर्चीत बसवलं. आमच्या खोलीत चार खाटा आणि कोपऱ्यात एक खुर्ची आहे, तिच्यापुढे चाकांचं छोटं टेबल. काकांनी टेबल जवळ ओढलं, दोन्ही कोपरं त्यावर टेकली आणि कपाळ मुठींवर ठेवलं. आणि एका बोटानं टेबलावर टक टक करत राहिले. कधी सावकाश. कधी भरभर.

मला वाटलं, कंटाळले असतील.

एकवीस वर्षांची नर्स. वाकून बसलेला स्वादुपिंडाचा पेशंट. आणि मला वाटलं, कंटाळले असतील.

त्या दिवशी इंजेक्शनाचे नेमके तीन पेशंट होते. एक बाई रडत होत्या, त्यांना सात. एक गृहस्थ ओरडत होते, त्यांना आठ. मॅडमनी फॉर्म बघितले आणि म्हणाल्या, "चारवाल्यांना पुढच्या मंगळवारी बोलवा."

सव्वा वाजता मी खुर्चीपाशी गेले.

"काका, आज नाही होणार. पुढच्या मंगळवारी पहिला नंबर तुमचा."

टक टक थांबलं.

"पण सिस्टर, मला कुणी काही विचारलंच नाही हो."

"कागदावर आहे सगळं, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. रागावले असते तर मी भांडले असते, तोंड माझं कुणाला हार जाणारं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

"असं होय. कागदावर असेल तर मग ठीक आहे."

मी सुई काढली. फॉर्मची एक प्रत मुलीच्या हातात दिली. ती बापाला धरून लिफ्टकडे गेली.

रविवारी पहाटे काका गेले. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली. या आजारात होतं असं. इंजेक्शननं ते वाचले नसते, हे मला माहीत आहे, मला कुणी सांगायची गरज नाही. पण पाच दिवस होते त्यांच्याकडे. ते पाच दिवस मी खाल्ले.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "चार होतं ना त्यांना? मग एवढ्या लवकर..."

"सहनशील होते," मी म्हणाले.

बघा कसं सुचलं पटकन.

त्यानंतरचा मंगळवार. दुपारी सव्वा. चारही खाटांवर पेशंट भुलीच्या गुंगीत झोपलेले. खुर्ची रिकामी. मी औषधाच्या ट्रेपाशी उभी, खोलीकडे पाठ करून.

टक...

टक... टक...

मी वळले. कुणी नाही. चौघंही गाढ. पण टेबल... टेबल खुर्चीला लागून होतं. सकाळी मीच ते भिंतीकडे सारलं होतं.

मी पुन्हा सारलं. चाकांना लावायची खटकीही लावली. दहा मिनिटांनी सलाइन बदलून आले...

टेबल खुर्चीपुढे. खटकी लावलेली तशीच.

आमचा टेक्निशियन दारात आला. वेळेचा इतका पक्का की त्याला सगळे घड्याळच म्हणतात.

"सिस्टर, टेबल कोण वाजवतंय मघापासून?"

"तुला ऐकू आलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"एसीचा पाइप असेल," तो म्हणाला आणि गेला. त्या दिवशी घड्याळ पुन्हा त्या खोलीत फिरकलं नाही.

तेवढ्यात एक नंबरच्या खाटेवरच्या बाई जाग्या व्हायला लागल्या. बेकरी चालवणाऱ्या, पहिल्यांदाच आलेल्या. मी जवळ गेले.

"कसं वाटतंय? दुखतंय का कुठे?"

डोळे मिटलेलेच होते त्यांचे.

"त्यांना विचारा ना आधी..."

"कुणाला?"

"ते वाकून बसलेत, त्यांना."

माझ्या मानेवर काटा आला. तरी मी स्वतःला समजावलं. भुलीत माणसं वाट्टेल ते बोलतात. एका आजोबांनी मला लग्नाची मागणी घातली होती, आजी बाहेर बसलेल्या असताना.

पुढच्या मंगळवारी चार नंबरच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. बेकरीवाल्या बाईंना ते ओळखतसुद्धा नव्हते. मी विचारलं, "काका, दुखतंय का?"

ओठ हलले...

"त्यांना विचारा आधी. ते कधीचे थांबलेत."

हे काही समजावता येईना.

तोपर्यंत मी सगळ्यांना विचारायला लागले होते. समोर बसून, डोळ्यांत बघून. माणसं काय काय सांगायची! चार कुणीच सांगायचं नाही. दोन, पाच, साडेसात. एक जण म्हणाले, "सकाळी नऊ, आता तुम्ही विचारलंत म्हणून आठ." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नऊ वर्षांत मी किती चार लिहिले असतील? मोजायचं धाडस झालं नाही. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

त्याच गुरुवारी काकांची मुलगी आली.

तिला वडिलांचे सगळे कागद हवे होते. मी फाइल काढून आणली आणि काउंटरच्या आत, माझ्या मांडीवर उघडली. प्रती काढण्याआधी पानं बघायची पद्धत आहे. वजन. बीपी. रात्रीपासून उपाशी, होय. खाली माझी सही.

वेदनेचा रकाना...

कोरा.

खोडलेला नव्हता. शाई पुसटलेली नव्हती. त्या जागेवर कधी काही लिहिलंच नव्हतं. मी बोट फिरवलं. कागद गुळगुळीत.

मी हे लिहिलं होतं. माझ्या हातानं.

"सिस्टर," मुलगी म्हणाली. तिच्या हातात त्या दिवशीची प्रत होती, घडी घालून घालून मऊ पडलेली. तिनं ती काउंटरवर उलगडली. तिच्या प्रतीवर आकडा होता. माझ्या अक्षरातला, ठसठशीत. चार.

"एक विचारायचं होतं. रागावू नका."

"अगं, बोल ना."

"त्या दिवशी घरी गेल्यावर बाबा फार कण्हत होते. मी दिवसभर कामावर, रात्री जागरण. माझं डोकं फिरलं. मी हा कागद त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बाबा, हॉस्पिटलात चार सांगितलंत ना? मग घरी येऊन एवढं काय चाललंय? चारच आहे." ती थांबली. "त्यानंतर ते एकदाही कण्हले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. रविवारपर्यंत."

मी फाइलचं पान बोटानं दाबून धरलं.

"एवढंच सांगा. हे चार बाबांनी स्वतःच सांगितलं होतं ना? कारण त्यांनी सांगितलं असेल तर... मग मी फार वाईट नाही बोलले ना सिस्टर?"

माझ्या मांडीवर कोरा रकाना होता. काउंटर उंच, तिला तो दिसत नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं मला. ताई, मी विचारलंच नाही. एवढंच.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं."

तिच्या खांद्यांतला ताण गेला. डोळे पुसून ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो. तुमचा नंबर देता? कधी काही लागलं तर." मी दिला. नाही कसं म्हणणार?

मनाशी म्हटलं, पोरीचा जीव हलका केला, पुण्यच लागेल. पण मला माहीत होतं. तिचा नाही, मी माझा जीव वाचवला होता. नोकरी, सही, एकवीस वर्षांचं नाव. तिनं एक तक्रार केली असती तर सगळे फॉर्म निघाले असते. ते पान सोडून बाकीच्या प्रती देऊन मी फाइल बंद केली तेव्हा माझे हात थरथरत नव्हते. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी सकाळपासूनच सुरू झालं.

टक टक टक टक...

सावकाश नाही. थांबत नव्हतं. मी हातमोजे घालतेय, टक टक. मी बीपी घेतेय, टक टक. मॅडम आत सुई टाकत होत्या, पडद्यावर ती करड्या धुक्यातून पुढे सरकत होती, मी पेशंटचं डोकं धरून उभी होते, आणि भिंतीपलीकडून...

टक टक टक टक टक...

"लक्ष कुठे आहे तुमचं?" मॅडम म्हणाल्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

सव्वा वाजता मी खोलीत गेले. चारही पेशंट झोपलेले. टेबल खुर्चीपुढे ओढलेलं. खुर्चीच्या गादीत मध्यभागी खळगा पडला होता, माणूस बसल्यावर पडतो तेवढा.

मी समोर गेले. गुडघे टेकून बसले, पेशंटसमोर बसायचं असतं तशी.

"काका," मी म्हणाले, "किती दुखतंय?"

आवाज थांबला.

एसीचा आवाजही थांबला की काय कोण जाणे. मला माझा श्वास ऐकू येत होता.

आणि मग पाठीमागून, दोन नंबरच्या खाटेवरून... त्या खाटेवर एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या, दहा मिनिटांपूर्वीच बाहेर आणलेल्या, हाक मारली तरी जाग्या न होण्याइतक्या गुंगीत. आवाज त्यांचाच होता. बोलणं त्यांचं नव्हतं.

"माझं राहू द्या आता..."

मी वळले नाही. वळवेना.

"पोरीला विचारा."

समोर गादीतला खळगा हळूहळू भरून आला. कुणीतरी उठलं होतं.

त्या दिवसापासून खोली शांत आहे. टेबल सारलं की भिंतीशीच राहतं. भुलीतून उठणारी माणसं पाणी मागतात, वेळ विचारतात, कुणी शिव्या देतं. खुर्चीबद्दल कुणी काही बोलत नाही. घड्याळ पुन्हा आत यायला लागलंय.

मला सुटल्यासारखं वाटलं. काका गेले, शांत झाले, असं धरून चालले. त्या शनिवारी मी घरी गाणं गुणगुणत होते म्हणे. ह्यांनीच विचारलं, "आज स्वारी खुशीत?"

पोरीला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. पुन्हा नाही विचारलं. सवय अशी लवकर जात नाही बघा.

काल दुपारी फोनवर मेसेज आला. काकांच्या मुलीचा. जसाच्या तसा देते.

"सिस्टर, तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण दुसरं कुणाला सांगू? पंधरा दिवस झाले, दुपारी मी जेवायला घरी येते तेव्हा बाबा टेबलाशी बसलेले असतात. दिसत नाहीत, पण असतात. वाकून. मला भीती नाही वाटत, माझेच बाबा आहेत. पण त्यांना मला काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाहीये. मी रोज विचारते, बाबा, काय झालं? नुसते माझ्याकडे बघतायत असं वाटतं. शेवटी त्यांच्याशी नीट बोललेलं माणूस म्हणजे तुम्हीच. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी तो वाचला. वाचला की समोरच्याला दोन निळ्या खुणा दिसतात, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे मी वाचलाय हे तिला कळलंय.

कालपासून ती वाट बघतेय.